एका वेळी एकच बदल : शाळेतल्या प्रयोगाचा न्याय

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेचा एक प्रकल्प होता : 'गांडूळखताचा मेथीच्या वाढीवर होणारा परिणाम'. टेबलावर दोन कुंड्या. एकीत मेथी वीतभर वाढून टवटवीत, दुसरीत बोटभर आणि पिवळसर. मागे थर्माकोलच्या फलकावर रंगीत आलेख. आठवीतल्या दोन मुलींनी पाठ केलेले निवेदन न अडखळता म्हटले. परीक्षकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दोन्ही कुंड्या कुठे ठेवल्या होत्या?"

"खताची आमच्या गच्चीवर, सर. बिनखताची हिच्या घरी, पडवीत."

"माती?"

"माझी नर्सरीतून आणलेली. हिची अंगणातली."

"बिया एकाच दिवशी पेरल्या?"

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. "हिने चार दिवस उशिरा पेरल्या, सर. ती गावाला गेली होती."

"मग मेथी कशामुळे वाढली?"

"खतामुळे, सर."

परीक्षकांनी पुढे काही विचारले नाही. वहीत काहीतरी टिपले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

त्या मुलींनी खोटे काहीच केले नव्हते. मेथी खरोखर वाढली होती, मोजमापे खरी होती, आलेखही नीट काढलेला होता. पण खत, ऊन, माती आणि पेरणीचा दिवस अशा चार गोष्टी दोन कुंड्यांत वेगळ्या होत्या आणि वाढीचे सगळे श्रेय एकट्या खताला दिले गेले होते. मार्गदर्शक शिक्षिका म्हणून फलकावर माझे नाव होते. खताने मेथी चांगली वाढते हे मला आधीच ठाऊक होते, म्हणून कुंड्यांकडे मी चौकसपणे पाहिलेच नव्हते. निष्कर्ष बरोबर असेलही. पण तो त्या प्रयोगातून निघत नव्हता. बरोबर उत्तर आणि बरोबर प्रयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकी वर्षे विज्ञान शिकवूनही मी मुलांना कधी सांगितले नव्हते.

न्याय्य प्रयोग म्हणजे काय, मुलांना तो आपसूक का जमत नाही आणि वर्गात तो कसा शिकवता येतो, या तीन प्रश्नांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तीन साधे प्रश्न

प्रयोगात जी जी गोष्ट बदलू शकते तिला 'चल' म्हणतात. बीजगणितातला क्ष मुलांच्या ओळखीचा असतो. प्रयोगातला चल मात्र कागदावर नसतो. तो कुंडीतल्या पाण्यात, गच्चीवरच्या उन्हात, पेरणीच्या तारखेत असतो. आपण मुद्दाम बदलतो तो स्वतंत्र चल. त्याचा परिणाम ज्याच्यावर होतो का हे आपण मोजतो तो अवलंबी चल. आणि जे बदलू शकले असते, पण आपण बदलू दिले नाहीत, ते नियंत्रित चल.

या व्याख्या मुले पाठ करतात आणि परीक्षेत हमखास उलटसुलट लिहितात. म्हणून मी आता व्याख्या शेवटी देते आणि सुरुवात तीन प्रश्नांनी करते : काय बदलायचे? काय मोजायचे? काय तसेच ठेवायचे? पहिल्या प्रश्नाला उत्तर एकच हवे. दुसऱ्याला नेमके हवे. 'वाढ' म्हणजे उंची, पानांची संख्या की वजन, हे आधी ठरवायला हवे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र लांबलचक यादी असते आणि खरी कसोटी तिथेच लागते. मेथीच्या बाबतीत ती यादी अशी : बियाणे, बियांची संख्या, पेरणीचा दिवस, पेरण्याची खोली, माती, कुंडीचा आकार आणि प्रकार, पाणी, पाणी घालण्याची वेळ, ऊन, वारा. यांतले काहीही सुटले, तर ते खताच्या नावावर जमा होते.

'न्याय्य चाचणी' हा शब्द वर्गात जरा कोर्टातला वाटतो. पण मुलांकडे त्याच्या उलट अर्थाचा स्वतःचा शब्द आहे : रडीचा डाव. धावण्याच्या शर्यतीत एकाला दहा पावले पुढे उभे केले, तर चौथीतले मूलही ओरडते. "या दोन कुंड्यांमधला डाव रडीचा आहे का?" असे विचारले की मुले लगेच चुका शोधू लागतात.

या उपमेलाही एक मर्यादा आहे आणि ती मला एका मुलाने दाखवून दिली. शर्यतीचे उदाहरण चांगले रंगल्यावर तो म्हणाला, "बाई, मग दोन्ही कुंड्यांत खत घालू. म्हणजे कुणावर अन्याय नको." वर्ग हसला, पण त्याचे तर्कशास्त्र उपमेशी प्रामाणिक होते. शर्यतीत धावणाऱ्यांना न्याय द्यायचा असतो, म्हणून सगळेच सारखे ठेवायचे असते. प्रयोगात न्याय कुंडीला द्यायचा नसतो, प्रश्नाला द्यायचा असतो. ज्याच्याबद्दल प्रश्न आहे, ती एक गोष्ट वेगळी ठेवावीच लागते. त्या दिवसापासून फळ्यावर 'सगळे सारखे' असे न लिहिता मी 'एक सोडून सगळे सारखे' असे लिहिते.

बोटीवरचे बारा रुग्ण

ही कल्पना माणसाला फार उशिरा सुचली. तिचे सर्वांत प्रसिद्ध जुने उदाहरण १७४७ सालचे आहे. ब्रिटिश आरमाराच्या 'सॅलिसबरी' या जहाजावर जेम्स लिंड नावाचे शल्यवैद्य होते. लांबच्या सागरी प्रवासात खलाशांना स्कर्व्ही होत असे. हिरड्या सुजून रक्त येई, अंगातले त्राण जाई, माणसे मरत. उपाय अनेक सांगितले जात आणि प्रत्येकाचा कैवार घेणारे कुणीतरी असे.

लिंड यांनी मे महिन्यात बारा रुग्ण निवडले. त्यांची आजाराची लक्षणे शक्य तितकी सारखी असतील हे पाहिले, सगळ्यांना जहाजावर एकाच जागी ठेवले आणि मूळ जेवण सगळ्यांना एकच दिले. मग दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली दारू, दुसरीला पातळ केलेले गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू, सहाव्या जोडीला लसूण, मोहरी वगैरेंचे चाटण. सहा दिवसांत फळे संपली, पण तोवर संत्री-लिंबू खाणाऱ्या दोघांपैकी एक जण कामावर परतण्याइतका बरा झाला होता.

मुलांना ही गोष्ट सांगून मी विचारते : लिंड यांनी काय बदलले, काय मोजले, काय तसेच ठेवले? उत्तरे भराभर येतात. मग विचारते : यात कच्चे काय राहिले? एका जोडीत दोनच माणसे होती. काहीच औषध न दिलेली जोडी नव्हती. आणि पाचव्या जोडीला संत्री व लिंबू एकदमच दिल्यामुळे, गुण कशाचा हे त्या प्रयोगातून सांगता येत नव्हते. एवढा गाजलेला प्रयोगही आपण तपासू शकतो, हे कळल्यावर मुलांचे डोळे चमकतात. लिंड यांनी आपला ग्रंथ १७५३ मध्ये प्रसिद्ध केला आणि ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस नियमितपणे द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये. नीट केलेला प्रयोगसुद्धा लोकांना पटायला वेळ लागतो.

आमटीचा न्याय आणि प्रयोगाचा न्याय

मुलांना हे आपसूक का येत नाही? आमटी बेचव झाली तर आपण काय करतो? थोडे मीठ, थोडा गूळ, आमसूल, वरून कोथिंबीर. चव सुधारली की काम झाले. ती नेमकी कशामुळे सुधारली, हा प्रश्न स्वयंपाकघरात कुणाला पडत नाही आणि पडण्याची गरजही नसते. रोजच्या जगण्यात आपल्याला परिणाम हवा असतो, कारण नको असते. मूल प्रयोगाकडे येते ते हीच सवय घेऊन. 'कोणते झाड जास्त वाढेल' या प्रश्नावर ते सगळ्या चांगल्या गोष्टी एका कुंडीला देते, कारण त्याला झाड जिंकवायचे असते. आमच्या प्रदर्शनातल्या मुलींनी नेमके हेच केले होते. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासकांनी ही प्रवृत्ती जगभरच्या मुलांत नोंदवली आहे.

बेर्बेल इनहेल्डर आणि ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या तर्कशक्तीवरचे पुस्तक १९५० च्या दशकात लिहिले. त्यात त्यांनी मुलांपुढे एक लोलक ठेवला होता. दोऱ्याची लांबी, वजन, सोडण्याची उंची, दिलेला धक्का यांपैकी कशाने झोक्याचा वेग ठरतो, हे मुलांनी शोधायचे. लहान मुले दोन-तीन गोष्टी एकदम बदलत आणि ठामपणे निष्कर्ष काढत. एकेक घटक सुटा करून तपासण्याची क्षमता ११-१२ वर्षांनंतर उमलू लागते आणि पुढे काही वर्षांत पक्की होते, असे त्यांचे मत होते. यातून अनेकांनी सोयीचा अर्थ काढला : लहान मुलांना हे शिकवण्यात अर्थ नाही.

पुढच्या संशोधनाने ही समजूत बदलली. अमेरिकेत झे चेन आणि डेव्हिड क्लार यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७ ते १० वर्षांच्या मुलांना उतारावरून चेंडू सोडायला दिले. उताराचा चढ, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, धावेची लांबी आणि चेंडूचा प्रकार असे चार चल होते. कोणती तुलना चांगली आणि कोणती फसवी, हे उदाहरणांनी समजावून सांगितले आणि 'यावरून खात्रीने सांगता येईल का?' असे वारंवार विचारले, तर या वयाची मुलेही ही रीत शिकू शकतात, असे त्यांना दिसले. २००४ मध्ये क्लार आणि मिलेना निगम यांनी तिसरी-चौथीच्या ११२ मुलांवर आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना रीत समजावून सांगितली, त्यांच्यापैकी ७७ टक्के मुलांना ती साधली. ज्यांना फक्त साहित्य देऊन स्वतः शोधायला सोडले, त्यांच्यापैकी २३ टक्क्यांना. मात्र ज्यांनी ती आत्मसात केली, ती मुले पुढे इतरांचे प्रकल्प तपासताना सारखीच तरबेज ठरली, मग ती कोणत्याही वाटेने आलेली असोत.

यावर शिक्षणक्षेत्रात झालेला वाद अजून संपलेला नाही. मी त्यातून एवढाच बोध घेते : केवळ हातात साहित्य दिल्याने मूल शास्त्रज्ञ होत नाही आणि केवळ व्याख्या सांगितल्यानेही नाही. मुलाने स्वतः चुकीची तुलना करावी, त्या चुकीला नाव मिळावे आणि मग त्याने ती स्वतः दुरुस्त करावी.

लोलकाचा तास

हे वर्गात घडवण्यासाठी माझ्या अनुभवात लोलकाइतके स्वस्त आणि प्रामाणिक साधन नाही. दोरा, हार्डवेअरच्या दुकानातले नट, मोजपट्टी आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच. तासाच्या सुरुवातीला मी एकच प्रश्न विचारते : झोका लवकर पुरा व्हायला काय करावे लागेल? 'वजन वाढवा', 'वजन कमी करा', 'दोरा आखूड करा', 'जोरात ढकला' अशी सगळी उत्तरे फळ्यावर लिहिते. कोणते बरोबर ते सांगत नाही. गट करून म्हणते, "दाखवा."

एकदा एका गटाने लांब दोऱ्याला जड वजन बांधले, आखूड दोऱ्याला हलके आणि जाहीर केले, "हलका लोलक लवकर झुलतो." शेजारच्या गटाने नेमके उलट केले होते : आखूड दोऱ्याला जड, लांब दोऱ्याला हलके. त्यांचा निष्कर्ष, "जड लवकर झुलतो." दोन्ही गटांनी दहा-दहा झोके इमानाने मोजले होते. भांडण जुंपले. मी फळ्यावर दोघांची मांडणी शेजारी-शेजारी लिहिली आणि गप्प राहिले. मिनिटभराने मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, दोघांनी दोरापण बदललाय."

त्या एका वाक्यासाठी हा सगळा खटाटोप असतो. ते मी सांगितले असते, तर वहीत उतरले असते आणि तिथेच राहिले असते.

मग खरी आखणी सुरू झाली. वजन तेच, सोडण्याचा कोन तोच, फक्त लांबी बदलायची. २५ सेंटिमीटरला दहा झोक्यांना सुमारे १० सेकंद, ५० ला १४.२ च्या आसपास, १०० ला २० च्या जरा वर. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट, हे मुलांनी आकड्यांवरून स्वतःच ओळखले. एकाच झोक्याची वेळ का घेत नाही? कारण बटण दाबायला हाताला लागणारा उशीर एका झोक्यात फार मोठा ठरतो. दहा झोक्यांत तो विभागला जातो. तीनदा का मोजायचे? तिन्ही वेळा आकडा थोडा वेगळा येतो म्हणून. हे प्रश्नही मोजता-मोजताच निघाले.

पुढची पाळी वजनाची. इथे त्या गटाने मला धडा शिकवला. त्यांनी ५० सेंटिमीटरच्या दोऱ्याला आधी एक नट बांधला आणि मग त्याच्याखाली एकाखाली एक असे आणखी चार ओवले. दहा झोक्यांची वेळ १४.२ वरून जवळजवळ १५ सेकंदांवर गेली. "बाई, वजनाने फरक पडतो!" पुस्तकात तर फरक पडत नाही असे लिहिलेले. पूर्वीची मी असते, तर 'मोजताना चुकलात, पुन्हा करा' म्हणाले असते आणि मुलांनी निमूटपणे १४.२ लिहून आणले असते. पण त्यांनी तीनदा मोजले होते.

आम्ही तो लोलक निरखून पाहिला. नट एकाखाली एक लोंबत होते, त्यामुळे वजनाचा मध्य पहिल्या नटाच्या पाच-सहा सेंटिमीटर खाली गेला होता. म्हणजे वजन बदलताना लांबीही गुपचूप बदलली होती. पाचही नट एकाच उंचीवर जुडी करून बांधले आणि वेळ पुन्हा १४.२ च्या आसपास आली. 'एका वेळी एकच बदल' हे तोंडाने म्हणणे सोपे असते. एक गोष्ट बदलताना तिच्या मागोमाग दुसरी आपोआप बदलत नाही ना, हे पाहणे अवघड असते. मुलांनी त्याला 'लपलेला चल' असे नाव दिले आणि वर्षभर ती तो शोधत राहिली.

कोनाचेही असेच. लहान कोनात सोडले तर वेळेत फरक जाणवत नाही. पण एका उत्साही मुलाने लोलक साठेक अंशांपर्यंत ओढून सोडला आणि दहा झोक्यांना अर्ध्या सेकंदाहून अधिक जास्त वेळ लागला. तेही खरे आहे. मोठ्या कोनात लोलक खरोखर जरा सावकाश झुलतो. पुस्तकातले 'लहान कोनासाठी' हे दोन शब्द आम्ही सगळ्यांनी आजवर वाचून सोडून दिले होते. न्याय्य प्रयोगाने पुस्तक खोटे ठरले नाही. ते नीट वाचायला मात्र लावले.

सजीवांचा हिशेब वेगळा

लोलक आज जसा झुलतो तसाच उद्या झुलतो. मेथीचे दाणे तसे नसतात. एकाच पिशवीतले, एकाच कुंडीत, एकाच दिवशी पेरलेले दाणेही सारखे वाढत नाहीत. म्हणून एका रोपाची दुसऱ्या रोपाशी केलेली तुलना, बाकी सगळे सारखे ठेवूनही, फसवी असू शकते. दाण्यांमधला फरक आपल्याला बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तो 'तसाच ठेवणे' शक्य नाही. अशा वेळी उपाय दोनच : संख्या वाढवणे आणि वाटणी नशिबावर सोडणे.

वर्गात आम्ही चाळीस दाणे मोजतो, चिठ्ठ्या टाकून वीस-वीसच्या दोन वाटण्या करतो. चिठ्ठ्या कशाला? एका मुलीला हा प्रश्न पडला, तेव्हा मी तिला हाताने वाटणी करायला सांगितले. 'खताच्या' वाटणीत टपोरे दाणे जास्त गेले. तिने मुद्दाम केले नव्हते. आपला हात आपल्या मनाला काय हवे ते ओळखतो. चिठ्ठीला मन नसते.

न्याय्य प्रयोगाची दुसरी बाजू ही अशी मनाची आहे. महाराष्ट्रात तिचे फार चांगले उदाहरण आहे. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या यादृच्छिकपणे निवडून पाठवल्या आणि कोणती कोणत्या गटातली, एवढेच विचारले. उत्तरे २७ जणांकडून आली. त्यांच्या अचूकतेची सरासरी ४६ टक्के होती. नाणे उडवून ठरवले असते, तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासून १०२ बरोबर ओळखल्या. हे निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कुणाचा निष्कर्षाशी मतभेद असू शकेल. वर्गात मला महत्त्वाची वाटते ती मांडणी : उत्तर देणाऱ्याला गट माहीत नव्हता, कुंडल्यांची निवड नशिबावर सोडली होती आणि किती बरोबर आले म्हणजे अंदाजापेक्षा जास्त म्हणायचे, याचा विचार आधी झाला होता. उत्तर आपल्या आवडीचे आले की नाही, यावर प्रयोगाची प्रतिष्ठा अवलंबून नसते.

कोरा सोडलेला रकाना

मग आपल्या शाळांत हे का होत नाही? प्रयोगवही उघडून पाहावी. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. सगळे छापील किंवा फळ्यावरून उतरवलेले. काय बदलायचे, काय मोजायचे, काय तसेच ठेवायचे, हे निर्णय पुस्तक लिहिणाऱ्याने घेतलेले असतात. मुलाच्या वाट्याला आकडे भरण्याचे काम येते आणि उत्तर ठाऊक असल्याने अनेकदा तेही मागून पुढे मोजून भरले जातात. आम्ही शिक्षक हे जाणतो, तरी सही करतो. मीही वर्षानुवर्षे केली.

याहून वेगळे करता येते, हे आपल्या शेजारच्या राज्याने दाखवले आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक पूर्व शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. खेड्यांतली मुले गटांत प्रयोग करत आणि स्वतःचे निष्कर्ष लिहीत. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकालाही महत्त्व होते. पुढे तो संपूर्ण जिल्ह्यात आणि इतरत्रही पसरला. २००२ मध्ये सरकारी निर्णयाने तो बंद झाला. पण साध्या शाळेत, साध्या साहित्यात हे तीस वर्षे चालले.

एवढे मोठे काही करणे एकट्या शिक्षकाच्या हातात नसते. मी एक छोटा बदल केला. सत्रातल्या दोन प्रयोगांना 'कृती'चा रकाना कोरा सोडायला लावते. मी फक्त प्रश्न देते. कृती मुलांनी लिहायची आणि दुसऱ्या गटाने 'डाव रडीचा आहे का' ते तपासायचे. गुण उत्तराला नाहीत, आखणीला आहेत. वेळ जास्त जातो. अभ्यासक्रम मागे पडतो, मग इतर काही धडे भराभर उरकावे लागतात. ही किंमत खरी आहे आणि ती मी लपवत नाही.

पणत्यांचा प्रयोग

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून मी असाच एक कोरा प्रश्न दिला : कोणत्या तेलाची पणती जास्त वेळ जळते? घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करायचे, एवढी एक अट.

सुट्टी संपल्यावर एका मुलाने वही आणली. त्याने चमच्याने मोजून सारखेच तिळाचे आणि खोबरेल तेल घेतले होते, वाती एकाच पुडक्यातल्या, दोन्ही पणत्या देवघराशेजारी वारा नसलेल्या कोपऱ्यात. पहिल्या दिवशी तिळाच्या तेलाची पणती बरीच जास्त वेळ जळली. पण त्याने तिथेच थांबून उत्तर लिहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही पणत्यांत एकच तेल घातले.

"एकच तेल का?" मी विचारले.

"बाई, सगळंच सारखं ठेवलं तर वेळ सारखा येतो का, ते बघायचं होतं."

वेळ सारखा आला नाही. एका पणतीतले तेल आधीच संपले. ती नवी कोरी होती; दुसरी गेल्या वर्षीची, तेल मुरलेली. कोरी माती तेल पिते. आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणून तर नव्या पणत्या आधी पाण्यात भिजत घालायच्या असतात. मला विचारलं असतंस तर!" पुढच्या प्रयोगांत त्याने दोन्ही नव्या पणत्या भिजवून, सुकवून घेतल्या आणि रोज त्यांची अदलाबदल केली. दोन तेलांतला फरक पहिल्या दिवसापेक्षा खूपच कमी उरला. वहीत शेवटी लिहिले होते : 'एवढ्या प्रयोगांवरून नक्की सांगता येत नाही. आणखी करावे लागतील.'

प्रदर्शनात या वाक्याला बक्षीस मिळेल की नाही, शंकाच आहे. पण ज्याने सारख्यांची सारख्यांशी तुलना करून पाहिली आणि आपल्याला हवे ते उत्तर हातात असताना ते बाजूला ठेवले, तो मुलगा उद्या एखाद्या फवारणीच्या जाहिरातीला, मोबाइलवर फिरणाऱ्या घरगुती औषधाला किंवा 'आमच्या क्लासमुळे इतके टक्के' अशा फलकाला एक प्रश्न विचारील : आणखी काय वेगळे होते? त्या दिवशी परीक्षकांनी माझ्या मुलींना विचारलेला प्रश्न तोच होता.

त्या वहीवर मी सही केली. यंदाही तोच प्रश्न दिला आहे. पणत्या भिजवायच्या असतात, हे मात्र सांगितलेले नाही.